केसांच्या खनिज चाचणीचा अहवाल आला आहे. गोळ्या सुरू कराव्यात का?

शेवंती
नमस्कार. गेल्या आठवड्यात माझ्या केसांच्या खनिज चाचणीचा अहवाल हाती आला. त्यात कॅल्शियमची रेघ तक्त्याबाहेर गेली आहे, सेलेनियम जास्त आहे आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे गुणोत्तर लाल रंगात छापले आहे. आहारसल्लागारांच्या मते हाडांतले कॅल्शियम निसटून केसांत साचत आहे, म्हणून त्यांनी सहा महिन्यांसाठी चार प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. सोमवारपर्यंत त्यांना होकार किंवा नकार कळवायचा आहे. गोळ्या लगेच सुरू कराव्यात की आधी चाचणी पुन्हा करून घ्यावी, एवढेच अनुभवी लोकांनी सांगावे. चाचणी करावी की नाही ही चर्चा कृपया नको, ती करून झाली आहे.

अर्धविराम
चाचणी कोणत्या त्रासासाठी केलीत, हेच तुम्ही लिहिलेले नाही. कोणती औषधे चालू आहेत, केस रंगवता का, कोणता शाम्पू वापरता आणि त्या चार गोळ्यांमध्ये नेमके काय आहे, हे कळल्याशिवाय कोणी उत्तर दिले तर ते अंदाजपंचेच ठरेल.

पैलतीर
मी ही चाचणी दोनदा केली आहे. पहिल्या अहवालानुसार पाच महिने गोळ्या घेतल्या आणि माझा थकवा पूर्ण गेला. रक्तात फक्त त्या दिवसाचे चित्र दिसते, केसांत मागच्या तीन महिन्यांचे. बिनधास्त सुरू करा.

रसायनवेडा
पैलतीर, थकवा गेला याचा आनंद आहे, पण तो गोळ्यांमुळेच गेला हे कशावरून? केसात कॅल्शियम किती आहे ते यंत्र अचूक मोजते, परंतु ते शरीरातून आले की क्षारयुक्त पाण्याने रोज धुतल्यामुळे बाहेरून चिकटले, हे यंत्राला सांगता येत नाही. शरीरातले सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. केसांतल्या आकड्यावरून हाडांची स्थिती ठरवणे म्हणजे उंबरठ्यावरची माती पाहून घरातल्या तिजोरीचा हिशेब लावणे. 2001 साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस वाटून सहा प्रयोगशाळांकडे पाठवले होते, तेव्हा 12 खनिजांच्या आकड्यांत प्रयोगशाळागणिक दहा पटींहून अधिक तफावत आली. म्हणून चाचणी पुन्हा केल्याने तुमचा प्रश्न सुटणार नाही, फक्त आणखी एक आकडा मिळेल.

पैलतीर
मग पाऱ्याच्या विषबाधेत हेच केस पुरावा म्हणून कसे चालतात? तेव्हा विज्ञान आणि आता थोतांड, असे कसे?

रसायनवेडा
प्रश्न रास्त आहे. मिथाइल पारा वाढत्या केसातल्या केराटिनच्या गंधकाला घट्ट धरून बसतो आणि रक्ताच्या सुमारे 250 पट प्रमाणात केसात साठतो. इराकमध्ये 1971-72 साली पारायुक्त बियाण्याचे धान्य खाल्ल्याने लोकांना विषबाधा झाली, तेव्हा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो या हिशेबाने केसांचे तुकडे तपासून कोणत्या महिन्यात किती पारा शरीरात गेला ते काढता आले. पोषक खनिजांचा असा सरळ संबंध नाही. जस्ताची कमतरता असली तर केसांची वाढच मंदावते, त्यामुळे केसातले जस्त नेहमीइतके किंवा जास्तही दिसू शकते. पारा मोजता येतो म्हणून त्याच केसावरून आहार ठरवता येत नाही.

तिसरी घंटा
नमुना देताना मानेच्या वरच्या भागातले केस टाळूलगत कापावेत आणि मुळाकडचे तीन-चार सेंटिमीटरच पाठवावेत. टोकाकडचे केस पाठवल्यास जुनी माहिती येते. अनेक जण इथेच चुकतात.

शेवंती
नमुना देऊन झाला आहे, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. अर्धविराम यांच्यासाठी: वय 41, वर्षभर थकवा आणि केसगळती. थायरॉईडची गोळी रोज सकाळी घेते, केस दर महिन्याला रंगवते. शाम्पू कोंड्यासाठीचा आहे. त्याचा इथे काय संबंध ते समजले नाही, तरी बाटली पाहिली. त्यावर सेलेनियम सल्फाइड लिहिले आहे. गोळ्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त आणि 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम आहे.

अर्धविराम
हाच तो संबंध. तुमच्या अहवालातले सेलेनियम बहुधा बाटलीतले आहे. शिवाय अहवालात जे जास्त आले तेच गोळीत का द्यावे, हे सल्लागारांना जरूर विचारा. सेलेनियम दीर्घकाळ अति झाले तर केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात.

निंबोणी
कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीपासून किमान चार तास दूर ठेवावी लागते, नाही तर थायरॉईडचे औषध नीट शोषले जात नाही. हे तुम्हाला कोणी सांगितले होते का? आणि वर्षभर थकवा आहे, तर रक्ताची तपासणी कधीच झाली नाही का?

शेवंती
चार तासांचे कोणीच सांगितले नव्हते. रक्ताची तपासणी चार महिन्यांपूर्वी झाली. प्रश्न केसांच्या चाचणीचा असल्यामुळे तिचा उल्लेख केला नाही. हिमोग्लोबिन 12.1 आणि थायरॉईड ठीक आहे, असे डॉक्टर म्हणाले होते. त्याच कागदावर फेरिटिन 9 लिहिले आहे. केसांच्या अहवालात मात्र लोहाची रेघ हिरव्या पट्ट्यात आहे.

निंबोणी
फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपत आल्याचे लक्षण, आणि हिमोग्लोबिन तोवर 12 च्या वर टिकून राहू शकते. थकवा आणि केसगळती दोन्ही यातून होऊ शकतात. तुम्हाला दिलेल्या चारही गोळ्यांत लोह नाही. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि साठा का घटला, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही पाहायला सांगा. लोह सुरू झाले तर तेही थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब घ्यावे लागेल.

पैलतीर
तरीही मॅग्नेशियम सुरू करायला काय हरकत आहे? माझा अनुभव खोटा नाही.

शेवंती
सल्लागारांना नकार कळवला. त्यांनी चाचणी दुसऱ्या प्रयोगशाळेत मोफत करून देण्याची तयारी दाखवली आहे. ती मी घेणार नाही. डॉक्टरांची वेळ मंगळवारची मिळाली आहे.

टकलूमामा
धागा उशिरा वाचला. माझ्या डोक्यावर केस नाहीत, तर या चाचणीसाठी दाढीचे चालतील का?