शिबिरात ताई म्हणून जायचंय, पण मुलं माझं ऐकतील का?

चिंचेचा_आकडा
नमस्कार. मी पुण्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा संपली की मे महिन्यात रायगड जिल्ह्यात माणगावजवळ आठ दिवसांचं निवासी बालशिबिर आहे, तिथे ताई म्हणून नाव दिलंय. ९ ते १३ वयाची साठेक मुलं आणि आम्ही आठ ताई-दादा. मानधन नाही, एसटीचं भाडं तेवढं मिळेल. आई म्हणते, फुकटची हमाली. मी घरात एकटीच, धाकटं भावंड नाही. चार माणसांसमोर उभी राहिले की माझा आवाज आत जातो. फॉर्ममध्ये 'यातून तुम्हाला काय मिळवायचं आहे?' असा रकाना होता, तिथे 'व्यक्तिमत्त्व विकास' असं ठोकून दिलंय. खरंच होतो का हो तो? ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

घाटमाथा
होतो की. मुख्यतः घशाचा. शिट्टी, खडीसाखर आणि दोन जादा पंचे घेऊन जा. लगोरीच्या चिपा तिथे मिळतील, चेंडू मात्र घरून ने, पहिल्याच दिवशी विहिरीत जातो.

रिकामी_कळशी
मी २०११ ते २०१५ सलग पाच उन्हाळे केले, तू जातेयस त्याच भागात. तेव्हा पतपेढीत नोकरीला होते. वर्षभराची रजा जपून ठेवायची आणि मेमध्ये उधळायची.

आवाजाचं आधी सांगते. माझा आवाज खणखणीत आहे आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पहिल्या दिवशी चौदा पोरांवर ओरडून दुपारपर्यंत घसा बसला. रात्री गोष्ट सांगायची पाळी नेमकी माझी. आवाजच फुटेना, म्हणून कुजबुजत सांगितली. लांब बसलेली पोरं सरकत सरकत पार माझ्या गुडघ्यांना येऊन टेकली. तेव्हा तुझ्या आवाजाची काळजी सोड.

दुसरी गोष्ट अशी, की ती कुठल्या रकान्यात बसत नाही. २०१२ साली माझ्या गटात एक नऊ वर्षांचा मुलगा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या सतरंज्या घड्या होऊन भिंतीला लागल्या आणि हा आपल्या वळकटीवर बसून. दोनदा सांगितलं, हलेना. आवराआवरीला गुण असायचे, शेजारचा गट तीन गुणांनी पुढे होता, माझ्या डोक्यात तेवढंच. मी त्याला बाजूला केलं, वळकटी ओढली आणि सगळ्यांदेखत उलगडली. ओली होती. एक जण फिस्सकन हसला, मग सगळेच.

तो रडला नाही. चपला घालून बाहेर गेला आणि आंब्याच्या बुंध्याकडे तोंड करून उभा राहिला.

मी सैपाकघरात गेले. गावातल्या एक मावशी भाकऱ्या थापत होत्या, त्यांना सगळं सांगितलं. खरं तर 'जाऊ दे गं, होतं असं' हे ऐकायलाच गेले होते. त्यांनी तव्यावरच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवला, ती उलटली आणि म्हणाल्या, "पोर बसून राहिलंय म्हणजे खाली काहीतरी असंल ना?" पुढे काही बोलल्या नाहीत. पुढची भाकरी थापायला घेतली.

नाश्त्यानंतर त्याची माफी मागितली. बाजूला घेऊन नाही, ज्यांच्यासमोर वळकटी उलगडली त्यांच्यासमोर. चौदा पोरं मांडी घालून बघतायत आणि आपण सव्वीस वर्षांची घोडी, 'माझं चुकलं' म्हणताना नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. त्यात तो 'पण' ओठांवर येतोच. माझं चुकलं, पण तू सांगायचंस ना! मी तो गिळला. आजवरच्या नोकरीत एवढी मेहनत क्वचित केली असेल.

मग रोज रात्री एकचा गजर. मुलग्यांच्या खोलीत दादा झोपायचा, त्याला उठवणं हेच मोठं काम. तो त्या पोराला आणि शिवाय आणखी दोघांना उठवायचा, कारण एकट्यालाच उठवलं की बाकीच्यांना पुन्हा कळणार. मी बॅटरी धरून पुढे, पोरं मध्ये, दादा मागून जांभया देत, अशी वरात संडासापर्यंत. उरलेल्या दिवसांत सतरंजी एकदाच भिजली.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या नावाचा खोका असतो, एकमेकांना चिठ्ठ्या टाकायच्या. माझ्या गटातून मला तेरा आल्या.

पुढल्या वर्षी तो आला, दुसऱ्या गटात. एका रात्री माझ्यासमोर येऊन म्हणाला, "ताई, बॅटरी द्या." दिली. सकाळी परत आणून ठेवली. आमचं संभाषण इतकंच.

आज मी त्याच पतपेढीत शाखा सांभाळते. संध्याकाळी रोकड जुळत नसली, शंभर-दोनशे कमी आले, की आधी रोखपालाला आत बोलावून दार लोटून घेते. याला विकास म्हणायचं का, ते तू बघ.

लाल_माती
कळशीताई, रात्री दोन मोठी माणसं सोबत होतात हे फार बरं. चिंचेचा आकडा, हा नियमच समज. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, ताई असो वा दादा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा शिबिरालाही लागू आहे. संयोजकांनी पहिल्या बैठकीत यावर चकार शब्द काढला नाही, तर तू विचार. भीड वाटेल, तरी विचार. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ असू दे.

दुसरं, मी महाडचा. आमच्या पट्ट्यात लाल विंचू आहे. सकाळी बूट झटकल्याशिवाय कोणी पाय घालायचा नाही, अंथरूण झटकूनच घालायचं. हे पोरांना खेळासारखं शिकव, घाबरवू नकोस. चावलाच तर मंत्र, पाला यात वेळ घालवायचा नाही. घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर लगेच दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, त्याआधी या डंखाने किती पोरं जायची ते आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. रात्री-अपरात्री जाता येईल असा सरकारी दवाखाना कुठे आहे आणि गाडी कोणाची, एवढं उतरल्या दिवशीच बघून ठेव.

आणि डोकी मोज. जेवायच्या आधी, ओढ्यावरून परतल्यावर, झोपताना. मी अजून लग्नाच्या पंगतीत मोजतो, बायको हसते.

सदू_मास्तर
आम्ही लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या (स्थापना १९४१) शिबिरांत वाढलो. तुम्ही जाताय त्याच माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे, एका दुपारी पोरांना घेऊन जा. आईंना सांगा, हमाली फुकटची असते हे खरं, पण करवंदं आणि आंबेही फुकटच असतात.

चिंचेचा_आकडा
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला कळशीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती भांडी घासत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या पोराच्या आईला सांगितलं होतं का त्यांनी? मला उत्तर देता आलं नाही.

रिकामी_कळशी
नव्हतं सांगितलं. ती न्यायला आली तेव्हा 'छान राहिला हो' म्हणाले. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आणि गजराचं घड्याळ ने, मोबाइलवर राहू नकोस. तिकडे रात्रीची लाइट जाते.