शब्दचर्चा : ‘सोलर-ब्लाइंड’ला ‘सूर्यांध’ म्हणावे का?

शंका : अवकाशातील अतिनील दुर्बिणींविषयी वाचताना ‘सोलर-ब्लाइंड डिटेक्टर’साठी ‘सूर्यांध शोधक’ असा प्रतिशब्द आढळला. तो योग्य आहे का? आणि ‘अतिनीलग्राही’ म्हटल्यावर हे वेगळे विशेषण लागते कशाला?

प्रतिसाद : दुसरा प्रश्न आधी घेतो. २५० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश कॅमेऱ्यातील सिलिकॉन चिपच्या पहिल्या १० नॅनोमीटरांतच बहुतांशी शोषला जातो आणि तेथे सुटलेले इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरील दोषांत अडकून वाया जातात. म्हणून चिप मागच्या बाजूने पातळ करून प्रकाश तिकडूनच घेतात. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या डेल्टा-डोपिंग पद्धतीत तर पृष्ठभागाला अगदी लागून बोरॉनचा अत्यंत पातळ थर वाढवतात, जेणेकरून इलेक्ट्रॉन आत ढकलले जावेत. अशी चिप अतिनीलग्राही होते खरी. पण दृश्य प्रकाशही ती टिपतच राहते, आणि बहुतेक ताऱ्यांकडून येणारा दृश्य प्रकाश कितीतरी जास्त असल्याने तो अतिनील प्रतिमेत मिसळतो.

याउलट २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहावरील यूव्हीआयटी दुर्बिणीचा दूर-अतिनील शोधक पाहा. तेथे सिझियम आयोडाइडच्या थरावर फोटॉन आदळून इलेक्ट्रॉन सुटतो, आणि दृश्य प्रकाशाच्या फोटॉनमध्ये तेवढी ऊर्जाच नसते; म्हणजे दिवसाचा उजेड त्याला दिसतच नाही, आणि हेच सोलर-ब्लाइंड असणे. सुटलेल्या इलेक्ट्रॉनची संख्या मायक्रोचॅनेल प्लेट प्रचंड वाढवते, त्या माऱ्याने फॉस्फरचा पडदा उजळतो आणि ५१२ × ५१२ पिक्सेलांची सीमॉस चिप तो उजेड टिपते. म्हणजे शेवटची चिप अतिनील प्रकाश कधी पाहतच नाही! ‘संवेदक’ हा शब्द चिपपुरता आणि ‘शोधक’ हा संपूर्ण साखळीसाठी राखावा, असे माझे मत यामुळेच झाले आहे.

आता ‘सूर्यांध’. येथे ‘सोलर’चा अर्थ सूर्य असा नसून जमिनीपर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश असा आहे, सुमारे ३०० नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश ओझोन वरच अडवतो. सूर्य स्वतः अतिनील प्रकाश देतोच, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली घडलेली, आदित्य-एल१ यानावरील ‘सूट’ (SUIT) दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरांत त्याच्याच प्रतिमा घेते. त्यामुळे ‘सूर्यांध’ दिशाभूल करणारा आहे.

पुरवणी : मग ‘दृश्यांध’ का नको?

प्रतिसाद : तो ‘व्हिजिबल-ब्लाइंड’साठी हवा. त्या शोधकाला सुमारे ४०० नॅनोमीटरच्या पुढचे दिसत नाही, पण ३०० ते ४०० मधला दिवसाचा उजेड दिसू शकतो. मला ‘दिवांध’ सुचवावासा वाटतो. संस्कृतात तो घुबडाचा शब्द आहे, याला काही जण हसतील. पण दिवसाच्या उजेडात ज्याला दिसत नाही तो दिवांध, हा अर्थ येथे नेमका बसतो. सूटच्या कॅमेऱ्याला मात्र यांपैकी कोणतेही विशेषण लावू नये, कारण त्यात सीसीडी, म्हणजे दृश्य प्रकाशही टिपणारी सिलिकॉन चिप, आहे आणि नको तो प्रकाश गाळण्याचे काम फिल्टर करतात. त्याला नुसते ‘अतिनीलग्राही’ म्हणावे.