मदत हवी आहे: रुईची फळं, केसाचं मूळ आणि सोनोग्राफीतला फॉलिकल एकाच टेबलावर कसे मांडू?

दप्तर

नमस्कार मंडळी,

शाळेतून निवृत्त झाले तरी तिथलं निसर्ग मंडळ अजून माझ्याच गळ्यात आहे. पुढच्या आठवड्यात विज्ञान प्रदर्शन आहे आणि मुलांनी वर्षभर जमवलेल्या वाळक्या फळांचं टेबल लावायचं ठरलंय. रुईच्या फळाखाली ‘फॉलिकल’ अशी चिठ्ठी लावली, तर नववीतल्या एका मुलीने विचारलं, ‘बाई, केस उगवतो तोही फॉलिकल आणि आईच्या सोनोग्राफीच्या कागदावरही फॉलिकल. मग हे सगळं एकच का?’ बाकीची पोरं हसली, पण प्रश्न मला आवडला. आता टेबलाचा अर्धा भाग झाडांचा आणि अर्धा शरीराचा करायचा विचार आहे.

खोक्यात सध्या रुई, सदाफुली, सप्तपर्णीच्या लांबलचक काड्या, कुडा, मुरुडशेंग, बहाव्याची शेंग, सावरीचं बोंड, बिट्टी आणि माझ्या मसाल्याच्या डब्यातलं चक्रीफूल एवढा ऐवज आहे. यातलं नेमकं काय फॉलिकलमध्ये बसतं? फळ वाळून, उघडून, वाकडंतिकडं झाल्यावर ओळखायचं कसं? आणि शरीरातले फॉलिकलही तडकतात का? मुलं हे विचारणार, नक्की विचारणार.

कृपया ‘गूगल करा’ म्हणू नका. केलंय. एक तर दोन ओळींची व्याख्या मिळते, नाहीतर केसगळतीवरच्या तेलाची जाहिरात.

पानगळ

ताई, झाडांचं मी सांगतो, शरीराचं कोणीतरी डॉक्टर सांगतील.

तीन अटी धरा. फळ सुकं हवं, ते फुलातल्या एकाच किंजदलापासून झालेलं हवं आणि एकाच शिवणीवर उकललेलं हवं. मराठी पुस्तकांत याला पेटिका म्हणतात. किंजदल म्हणजे मुळात उभं दुमडून कडा जुळवलेलं पान समजा. जिथे कडा जुळतात ती शिवण, आणि बिया त्याच शिवणीला आतून लागलेल्या असतात. पेटिका तेवढ्याच शिवणीवर उघडते. वाटाणा, घेवडा यांच्या शेंगा तिथेही उघडतात आणि पाठीच्या शिरेवरही, म्हणून त्यांचे दोन तुकडे होतात.

वाकडंतिकडं वाळलेलं फळ रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी मऊ पडलं की हलक्या हाताने उलगडा. सगळी साल एकसंध, होडीसारखी निघाली तर पेटिका. दोन सुट्या फाका निघाल्या तर शेंग. तीन-चार-पाच फाका एकाच बुडाला धरून असतील तर बोंड, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या अनेक किंजदलांचं फळ.

आता तुमचं खोकं. रुई, सदाफुली, सप्तपर्णी, कुडा हे चारही बिनधास्त ठेवा. एकाच कुळातले आहेत. यांच्या फुलात दोन किंजपुटं खाली सुटी आणि वर जोडलेली असतात, त्यामुळे पेटिका जोडीने येतात. रुईत पुष्कळदा त्यातली एकच धरते, दुसरी गळते. देठापाशी नीट बघा, गळलेल्या जोडीदाराची खूण सापडते. मुलांना ही खूण शोधायला फार आवडते.

मुरुडशेंगेत पाच किंजदलं दोरासारखी पिळलेली असतात. वाळल्यावर पीळ सुटू लागतो आणि प्रत्येक पेड आतल्या बाजूने उकलतो. चक्रीफूल हे तुमच्या टेबलावरचं सगळ्यात देखणं उदाहरण ठरेल. साधारण आठ पाकळ्या दिसतात, पण त्या पाकळ्या नव्हेत. प्रत्येक एक स्वतंत्र पेटिका आहे, वरच्या कडेने उघडलेली, आत एकच चकचकीत तपकिरी बी. मोडकं घेऊ नका, डब्यात हात घालून धडधाकट शोधा.

बहावा बाजूला काढा. त्याची शेंग शिंबाकुळातली खरी, पण ती आपणहून तडकतच नाही. बिट्टी तर मुळीच नको. ती कण्हेरीची भावंड असली तरी तिच्या आत टणक आठळी असते. शिवाय विषारी आहे, लहान पोरं टेबलाशी येणार असतील तर घरीच ठेवा.

सावर ठेवा, पण मुद्दाम रुईच्या शेजारी. दोघांत कापूस दिसतो आणि मुलं दोन्हींना म्हातारीच म्हणतात. भिंगाखाली रुईचं बी धरा. रेशमी झुपका थेट बियांच्या टोकाला लागलेला दिसेल. सावरीचा कापूस बियांना लागलेला नसतो, तो फळाच्या आतल्या भिंतीवर उगवतो आणि बिया त्यात नुसत्या गुरफटलेल्या असतात. सप्तपर्णीच्या बीला दोन्ही टोकांना केस असतात, तेही दाखवा.

जाता जाता: सोनचाफ्याचा फळांचा घोस मिळाला तर आणा. तिथे घोसातली प्रत्येक पेटिका शिवणीकडून न उघडता पाठीकडून उघडते. नियम सांगून झाला की लगेच अपवाद हातात द्यावा, मुलं जागी राहतात.

सुईदोरा

चक्रीफूल गेली वीस वर्षं बिर्याणीत घालतेय, फूलच समजत होते. वाचनखूण साठवली.

काचपट्टी

पॅथॉलॉजीत काम करतो, शरीराची बाजू घेतो.

त्या मुलीला उत्तर असं द्या: एकच नाहीत. लहानशी पिशवी एवढ्यावर नाव पडलं आणि सगळीकडे चिकटलं. झाडातला फॉलिकल हे अख्खं फळ, शरीरातला फॉलिकल ही ऊतीतली सूक्ष्म रचना. नातं काही नाही. आपल्या पुस्तकांत शरीरातल्याला पुटक म्हणतात, तेव्हा मराठीत हा घोळ मुळात होतच नाही.

केसाचं पुटक म्हणजे कातडीत खोल गेलेली नळी. बुडाशी केस तयार होतो, वरचं तोंड कायम उघडं. त्यालाच एक बारीक स्नायू जोडलेला असतो, तो आखडला की अंगावर काटा येतो. त्याच तोंडातून जंतू आत गेले की केसतोड होतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, काही वर्षं वाढून थांबतो, गळतो आणि त्याच पुटकातून नवा येतो. म्हणजे हे पुटक पुन्हापुन्हा वापरलं जातं. रुईचं फळ एकदा उकललं की संपलं.

तडकण्याच्या बाबतीत फळाच्या जवळ जाणारं एकच, अंडाशयातलं पुटक. ते दर पाळीत वाढतं, साधारण २० मिलिमीटरच्या आसपास गेलं की फुटतं आणि आतलं बीजांड बाहेर पडतं. पण शिवण वगैरे काही नाही, अंडाशयाच्या पृष्ठभागावर एका जागी भिंत पातळ होऊन फाटते. आणि आत रुईसारख्या ढीगभर बिया नाहीत, एकच बीजांड, जेमतेम ०.१ मिलिमीटर. फुटल्यावर पुटक वाळून जात नाही. उरलेल्या पेशींचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन तयार करतो.

मुलांना गोष्ट हवी असेल तर, डच वैद्य ग्राफ यांनी १६७२ मध्ये या पुटकांचं वर्णन केलं, पण ते पुटकालाच अंडं समजले. सस्तन प्राण्याचं खरं बीजांड फोन बेअर यांनी १८२७ मध्ये पाहिलं. मध्ये दीडशे वर्षं गेली.

थायरॉइडची पुटकं पूर्ण बंद असतात. गोल भिंत, आत चिकट द्रव, त्यात आयोडीन असलेलं हॉर्मोनचं कच्चं रूप साठवलेलं. ती कधीच उघडत नाहीत, भिंतीतल्या पेशीच लागेल तसा द्रव आत ओढून घेतात आणि हॉर्मोन रक्तात सोडतात. लसीका गाठींतल्या पुटकांना तर पोकळीच नसते, पांढऱ्या पेशींचे भरीव गोल पुंजके असतात. तिथे पिशवी ही व्याख्याही कोलमडते.

एक विनंती. टेबलावर कोणाच्या घरचा सोनोग्राफीचा कागद ठेवू नका, नाव खोडूनही नको. चित्र काढा.

दप्तर

काचपट्टी, पानगळ, दोघांचे मनापासून आभार. कागदाचं अगदी पटलं, मुलगी उत्साहाने आणणारच होती, तिला चित्र काढायला बसवते. मांडणी आता ‘उघडतात कसे’ या प्रश्नावर करते: शिवणीवर उकलणारे, एका जागी फुटणारे, कायम उघडे, कायम बंद. झाडं आणि शरीर वेगळं ठेवायची गरजच उरली नाही.

दोन शंका राहिल्या. रुईची चार फळं अजून हिरवट आहेत, ती प्रदर्शनाच्या दिवशीच तडकली तर वर्गभर म्हाताऱ्या होतील. आणि कुडा पांढरा की काळा यावर मुलांत दोन तट पडलेत.

माळरान

रुईचं मी सांगते. फळ पिवळट पडून शिवण दिसायला लागली की दोन जागी दोऱ्याने बांधा आणि तसंच वाळू द्या. फट पडेल, आतल्या तपकिरी बिया एकावर एक कौलांच्या रांगांत दिसतील, पण उडणार नाहीत. एक मात्र पारदर्शक बरणीत मोकळं ठेवा.

तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, ही काळजी गंभीरपणे घ्या. शनिवारी मारुतीला माळ करतात म्हणून मुलांना रुई सवयीची असते, पण हा चीक बुबुळाला सूज आणतो. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, नुसतं धूसर दिसतं, त्यामुळे अंगावर काढलं जातं. गेलाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तोडायचं काम मोठ्यांनीच करावं.

पानगळ

कुड्याचं भांडण सोपं आहे. जोडीची टोकं एकमेकांना जुळलेली असतील तर काळा कुडा, दोन्ही सुटी लोंबत असतील तर पांढरा. मात्र पूर्ण वाळल्यावर काळ्याचीही टोकं सुटतात, म्हणून झाडावरची अर्धी कच्ची जोडी बघून ठरवा. बिया (त्यांनाच इंद्रजव म्हणतात) चाखून कडू-गोड ठरवायचा सल्ला कोणी आजोबा देतील, तो मुलांना देऊ नका.