मदत हवी आहे: माल नीट उचलायला पोरांना कसं शिकवायचं?

भिवंडीकर: गोडाऊनला सुपरवायझर आहे. नऊ पोरं, बहुतेक नवी. काल एकाच्या कमरेत उसण भरली, वाकला तो सरळच होईना. परवापर्यंत सगळ्यांना शिकवायचंय. 'गुडघ्यात वाका, पाठ ताठ' हा व्हिडिओ दाखवला, अर्ध्या तासात परत सगळे कमरेतून वाकायला लागले. कुणी प्रत्यक्ष शिकवलंय का? लवकर सांगा.

साताऱ्याची फिजिओ: माल कोणता? वजन किती? कुठून कुठे न्यायचा?

नाना: सगळ्यांना कमरेचे पट्टे घेऊन द्या. विषय संपला.

साताऱ्याची फिजिओ: नाना, पट्ट्याने दुखापत टळत नाही. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९४ मध्येच सांगितलंय की धडधाकट कामगाराला त्याची शिफारस करत नाही.

नाना: मी २० वर्षं लावला. एकदाही कंबर धरली नाही.

मीनलताई: त्या पोराला रोज भुजंगासन करायला सांगा, माझ्या मिस्टरांना फार फरक पडला.

साताऱ्याची फिजिओ: ताई, आत्ता नको. पायात मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर.

माथाडीचा मुलगा: वडिलांनी १०० किलोची पोती वाहिली. ती ५० वर आणायला हमालांना भांडावं लागलं. पोरांची माथाडी मंडळात, म्हणजे हमालांच्या सरकारी मंडळात, नोंद आहे का? १९६९ पासून त्याचा कायदा आहे.

भिवंडीकर: दादा, ते शेठच्या हातात, माझ्या नाही. माल टाइल्सचा. दोन बाय दोन फुटांची पेटी, २७-२८ किलो. ट्रकमधून उतरवून थप्पी लावायची.

साताऱ्याची फिजिओ: हे आधी सांगायचं ना! नायॉशच्या हिशोबात सगळं अनुकूल असतानाही एका माणसाला मर्यादा २३ किलो. म्हणजे पेटीला दोघं हवेत. आणि एवढी रुंद पेटी जमिनीवर आडवी असली तर गुडघ्यांत मावत नाही, अंगापासून लांब राहते, म्हणून पोरं वाकतात. त्यात त्यांची चूक नाही. उंची मिळावी म्हणून खाली दोन पॅलेट (मालाखालचे लाकडी पाट) टाका, पेटी उभीच ठेवा. ट्रकमध्ये एकाने फाळक्यापर्यंत सरकवायची, खालच्या दोघांनी पोटाशी घ्यायची आणि वळताना पाय वळवायचे, कंबर नाही. हे भरलेल्या पेटीवर, ट्रकपाशीच करून घ्या.

माथाडीचा मुलगा: आणि ट्रक आला की लगेच 'चला चला' करू नका. घाईतच कंबर जाते.

भिवंडीकर: पॅलेट आहेत, उद्याच टाकतो. दोघांचं शेठशी बोलावं लागेल. अजून एक, पोरं पॅकिंगची पट्टी धरून उचलतात, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्यात. हातमोजे घातले की पेटी निसटते म्हणतात. कोणते घ्यायचे?