खाऱ्या हवेत गंजून जाम झालेली पंपाची मोटर: कुठला भाग कशाने साफ करायचा?

आगर_शिंपण (गुहागर)

आगरातला १ एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक पंप (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर) जूनपासून बंद होता. जागा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, विहिरीच्या कठड्याला लागून. आता शिंपणं सुरू करायला बटण दाबलं तर नुसती घूं घूं करते, फिरत नाही. दोन सेकंदांत बंद केली. मग मोटर खोलली. रोटरवर (फिरणारा भाग) नारिंगी थर आहे, स्टेटरच्या (वाइंडिंग असलेला स्थिर भाग) आतल्या बाजूलाही तसाच. मागच्या बेरिंगच्या जागी शाफ्टवर गंजाचे बारीक खड्डे पडलेत. दोन्ही टोकांची कव्हरं बिडाची (ओतीव लोखंडाची), त्यांचे पोपडे निघतायत. बेरिंग दोन्हीकडे ६२०३ नंबरचं, दोन्ही करकरतात. वाइंडिंगला जळका वास नाही.

कोणी म्हणतं सगळं डिझेलमध्ये बुडव, कोणी म्हणतं टॉयलेट क्लीनर लाव. कुठल्या भागाला काय चालतं? माझ्याकडे पुलर, व्हर्निअर, मल्टिमीटर आणि जुना बॅटरी चार्जर आहे. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) नाही. विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, सध्या गोडं आहे.

तांब्याची_तार (मालवण)

दोन सेकंदांत बंद केलीत म्हणून वाइंडिंग वाचलं. जाम मोटर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, मिनिट-दोन मिनिटांत वार्निश करपतं.

कामाला हात घालण्याआधी कॅपॅसिटर डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, दोन्ही टोकांना साधा पिवळा बल्ब क्षणभर लावा. दोन्ही कव्हरं आणि बॉडीवर छिन्नीने जोडखुणा केल्या नसतील तर आताच करा. मागच्या बेरिंगमागे लाटेसारखी वाकलेली पातळ वॉशर असते, ती जपून ठेवा. ती राहिली तर जोडल्यावर मोटर खडखडते आणि माणूस उगाच बेरिंगला दोष देतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे गंज काढण्याआधी मीठ काढावं लागतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ पाघळतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३५ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. म्हणजे कोकणात ते बारा महिने ओलंच. वरचा थर पेपरने घासून पॉलिश केलात तरी खड्ड्यांच्या तळाला मीठ राहतं आणि आठवड्यात गंज परत येतो. डिझेल, पेट्रोल, थिनर यांत मीठ विरघळत नाही. डिझेलमध्ये बुडवलेला भाग छान काळा, तेलकट दिसतो, पण मीठ तेलाखाली सुखात असतं. मीठ फक्त गोड्या पाण्यात जातं. शिवाय पेट्रोल आणि थिनरने वाइंडिंगचं वार्निश मऊ पडतं ते वेगळंच.

स्टेटर: वायर ब्रश, ॲसिड, ग्राइंडर यांपैकी काहीही आत न्यायचं नाही. आधी गोड्या पाण्याने सावकाश धुवा, पाण्याचा जोर नको. पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा. वाइंडिंग पाण्याने धुवायला लोक घाबरतात, पण पुरात बुडालेल्या मोटरी अशाच वाचवतात. नुकसान होतं ते न वाळवता वीज दिली तर. धुऊन वरवर सुकला की वाइंडिंगची दोन्ही टोकं फडक्याने घट्ट झाका आणि आतल्या पातळ पत्र्यांच्या थप्पीवरचा गंज नायलॉनच्या हिरव्या घासणीने नाहीतर २२० नंबरच्या पेपरने हाताने घासा. निघालेली पावडर ब्लोअरने उडवू नका, ती उलट तारांत घुसते. व्हॅक्यूमने ओढून घ्या, नसेल तर चिकटपट्टीने टिपा.

वाळवायला स्टेटर दोन विटांवर उभा ठेवा, खाली १०० वॅटचा पिवळा बल्ब, वर पत्र्याचा डबा पालथा, पण एका बाजूने बोटभर वर उचललेला, म्हणजे वाफ निघून जाईल. बल्ब तारांना टेकता कामा नये. एलईडी उपयोगाचा नाही, त्याला उष्णताच नसते. १० ते १२ तास द्या, ८० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

मग मेगर. मल्टिमीटरने हे कळत नाही, तो जेमतेम ९ व्होल्टवर मोजतो. जवळच्या वाइंडिंगवाल्याकडे नेऊन ५०० व्होल्टच्या मेगरवर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये मिनिटभर तपासून घ्या, कॅपॅसिटर सोडवून. १ मेगाओहमच्या खाली असेल तर वीज द्यायची नाही. वाळवताना मधेच मोजलंत तर आकडा आधी खाली जातो, ओल हलते म्हणून, आणि मग चढायला लागतो. तो खाली गेलेला बघून घाबरू नका, चढून एका जागी थांबेपर्यंत वाळवत राहा. शेवटी हवेत सुकणाऱ्या इन्सुलेटिंग वार्निशचा एक हात.

रोटर: त्यातल्या दांड्या आणि दोन्ही टोकांची कडी ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियमला ॲसिडही खातं आणि सोडाही खातो, म्हणून रोटर कुठल्याच बादलीत घालायचा नाही. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मग पेपरची पट्टी गुंडाळून हाताने घासा, आधी २२०, मग ४००. फ्लॅप डिस्क लावलीत तर एका पत्र्याचं लोखंड शेजारच्या पत्र्यावर ओढलं जातं, पत्रे आपसांत शॉर्ट होतात आणि रोटर विनाकारण तापतो. लेथवर छिलायलाही देऊ नका. रोटर-स्टेटरमधली फट जेमतेम पाव ते अर्धा मिमी असते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून थर पातळ असूनही मोटर अडकते. पण फट वाढवली तर मोटर रिकामी चालतानाच जास्त करंट खाते. घासून झाल्यावर वार्निश थिनरने पातळ करून एकच हात द्या. जाड रंग लावलात तर तोच घासेल.

बीड_आणि_सोडा (दापोली)

वरच्या उत्तराशी सहमत. कव्हरांबद्दल मी लिहितो.

टॉयलेट क्लीनर नको. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणजे क्लोराइड, जे काढायला आपण निघालो तेच बिडाच्या छिद्रांत भरायचं. त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेली हत्यारंही एका रात्रीत गंजतात. घरात आहे म्हणून कोकमाचं आगळही वापरू नका, त्यात मीठ घातलेलं असतं.

बिडाच्या कव्हरांना चार्जरवरचं इलेक्ट्रोलिसिस उत्तम. यात चांगलं लोखंड झिजत नाही आणि क्लोराइडही बरंचसं बाहेर ओढलं जातं. प्लास्टिकच्या बादलीत २० लिटर गोडं पाणी, त्यात धुण्याचा सोडा ७० ते ८० ग्रॅम, म्हणजे चार-पाच मोठे चमचे. खाण्याचा सोडा नव्हे. पाण्यातून वीज जावी म्हणून मीठ टाकायचा सल्ला मिळतो, तो मानू नका, क्लोरीन वायू निघतो. चार्जरची निगेटिव्ह तार कव्हरला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पत्र्याला. उलट जोडलंत तर कव्हरच खाल्लं जाईल. पत्रा स्टेनलेसचा अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको.

ज्या जागी क्लिप लावाल तिथे रंग-गंज खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या. करंट २ ते ५ अँपिअर पुरतो. कव्हरावरून बारीक बुडबुड्यांची रेघ वर यायला लागली की काम चालू. नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर सुरूच होत नाहीत, तुमचा जुना आहे तो बरा. पत्र्याच्या समोरची बाजू आधी साफ होते, म्हणून तीन-चार तासांनी कव्हर फिरवा. एकूण ८ ते १२ तास. हायड्रोजन निघतो, त्यामुळे हे काम अंगणात करायचं, जवळ चूल, विडी काही नको, आणि क्लिप काढण्याआधी चार्जर बंद.

बाहेर काढल्यावर काळा मऊ थर असतो, तो नायलॉन ब्रशने पाण्याखाली निघतो. मग ताजं गोडं पाणी दोनदा बदलून धुवा आणि लगेच उन्हात, नाहीतर हॉट गनने वाळवा. ओलं ठेवलंत तर चहा होईस्तोवर पिवळट झाक धरते.

बोल्ट, वॉशर, फॅनचं पत्र्याचं कव्हर (जस्ताचा मुलामा नसेल तर) यांना लिंबूसत्व पुरे. लिटरला ५० ग्रॅम, तीन-चार तास, दर तासाला ब्रश. रात्रभर विसरलात तर आटे खाल्ले जातात. नंतर लिटरला एक चमचा सोड्याच्या पाण्यात बुडवून ॲसिड मारा, धुवा, वाळवा.

रंगाची घाई नको. साफ केलेलं कव्हर एक रात्र पडवीत उघडं ठेवा. सकाळी खड्ड्यांच्या तोंडाशी घाम फुटल्यासारखे तांबूस थेंब दिसले तर आत मीठ शिल्लक आहे, परत धुवायचं. हा थेंब मोहरीहून लहान असतो, कडेला गडद आणि मधे पाणीदार. उजेड तिरका पाडून बघा.

आगर_शिंपण (गुहागर)

आभारी आहे. कव्हरं बादलीत टाकली. शाफ्ट मागच्या बेरिंगच्या जागी पेपरने साफ केला, व्हर्निअरवर १६.९५ मिमी येतंय. नवं बेरिंग हाताने सरकतं. वाइंडिंगवाला म्हणाला शाफ्टवर पंच मारून (टोचे पाडून) देतो. चालेल?

शतांश (रत्नागिरी)

पंच मारू नका. पंचाने उठलेल्या टोकांवर बेरिंग बसतं खरं, पण काही दिवसांत टोकं चेपतात, आतली कडी शाफ्टवर फिरायला लागते आणि शाफ्ट आणखी झिजतो.

६२०३ ला आतून १७ मिमी लागतात, आणि शाफ्ट त्याहून किंचित जास्त, म्हणजे १७.००१ ते १७.००९ च्या दरम्यान. हा फरक व्हर्निअर पकडू शकत नाही, लेथवाल्याकडून मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजून घ्या. बेरिंगची जागा खरखरीत पेपरने घासायची नाही ती याचसाठी, प्रत्येक हाताला थोडं माप जातं. तिथे फक्त १००० नंबरचा बारीक पेपर, तेल लावून, उठलेला गंज जाईपर्यंत. खड्डे राहिले तर राहू देत, बेरिंग उरलेल्या पृष्ठभागावर बसतं.

खरोखर चार-पाच शतांश (मिमीचा शंभरावा भाग) सैल असेल आणि जागा गोल असेल, तर लॉक्टाइट ६४१ हा बेरिंग चिकटवायचा गोंद लावा. बेरिंग पुढे पुलरने निघावं अशा जागेसाठीच ते आहे. शाफ्ट आणि बेरिंगची आतली बाजू ॲसिटोनने पुसायची, तेलाचा अंश नको. शाफ्टवर पातळ कडं ओढायचं, बेरिंग फिरवत बसवायचं, बाहेर आलेलं लगेच पुसायचं, सीलच्या कडेला जाता कामा नये. २४ तास हात लावायचा नाही. जागा लंबगोल झाली असेल तर मात्र शाफ्टवर मेटल भरून लेथवर माप काढणं हाच उपाय.

करकरणारी बेरिंग धुऊन परत घालू नका. गोळ्यांच्या वाटेवर एक खड्डा पडला की तो वाढतच जातो. नवी दोन्हीकडे रबर सीलची घ्या, म्हणजे २आरएस. पत्र्याच्या झाकणाच्या झेडझेडमधून खारी हवा आत शिरते. पुढचं बेरिंग घट्ट बसत असेल तर पाइपचा तुकडा फक्त आतल्या कडीवर टेकवून ठोका. बाहेरच्या कडीवर ठोकलंत तर नवं बेरिंगही पहिल्या दिवसापासून आवाज करेल.

आणि पंपाची बाजू खोलून बघितलीत का? मोनोब्लॉकमध्ये बऱ्याचदा मोटर ठीक असते आणि बिडाचा इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) केसिंगला गंजाने चिकटलेला असतो. मेकॅनिकल सीलची (शाफ्टवरून पाणी मोटरकडे गळू न देणारा भाग) रबरी कडी कडक झाली असेल तर आताच बदला. तिथून गळलेलं पाणीच पुढच्या बेरिंगवर जातं.

बीड_आणि_सोडा (दापोली)

रंगाचं राहिलं होतं. खाऱ्या हवेत नुसता रेड ऑक्साइड टिकत नाही. एपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात, वर एपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. कव्हर बॉडीत बसतं ती कड आणि बेरिंगचं घर यांना रंग लावू नका, चिकटपट्टी लावून झाका. रंगाची जाडी तिथे आली तर कव्हर तिरकं बसतं आणि रोटर एका बाजूला घासतो. त्या जागांना ग्रीसचा पातळ हात. बोल्टच्या आट्यांनाही ग्रीस.

तांब्याची_तार (मालवण)

जोडल्यावर वीज देण्याआधी शाफ्ट हाताने फिरवा. दोन बोटांनी फिरला पाहिजे, कुठे घासल्याचा आवाज नको. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, दर वेळी शाफ्ट फिरवून बघत.

पुढच्या पावसाळ्यासाठी: मोटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत दव धरतं. वर पत्र्याची टोपी करा, बाजू मोकळ्या, आणि चौथरा हातभर उंच. बॉडीच्या तळाला निचऱ्याचं भोक असतं, ते मातीने नाहीतर रंगाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा. पावसात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवली तर आतली ओल जाते, पण पंपात पाणी भरूनच, कोरडा चालवला तर मेकॅनिकल सील जळतं. जमत नसेल तर मे संपायच्या आत काढून घरात माळ्यावर ठेवा आणि महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने अर्धा-पाऊण वेढा फिरवून सोडा, म्हणजे बेरिंगच्या गोळ्या एकाच जागी टेकून राहणार नाहीत.