अनुभव धागा : ठाणे-नवी मुंबईत दिव्यांगांसाठी दार कुठे उघडलं?

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. आम्ही पाचपाखाडीत राहतो. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि तिच्या कपाटात एक जाड प्लास्टिकची पिशवी सापडली. दाखल्यांच्या झेरॉक्स, फिजिओथेरपीच्या पावत्या, आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले नंबर : 'बूट करून देणारे', 'शाळेतल्या बाई, रविवारी फोन नको', 'कलेक्टर ऑफिस, भले गृहस्थ'. तीस वर्षं हिंडून तिने जमवलेली माहिती. त्यातले अर्धे नंबर आता लागत नाहीत.

तिला जे कळलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी आईकडून कळलं, दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या. म्हणून हा धागा. ठाण्यापासून पनवेलपर्यंत तुम्हाला कुठली जागा, कुठलं केंद्र, कुठला कार्यक्रम उपयोगी पडला ते लिहा. नुसतं 'छान आहे' नको. कोणते कागद लागले, जायचं कसं, मूल तिथे रमलं का, हे लिहा. वाईट अनुभवही लिहा, फक्त नाव घेऊ नका.

सुरुवात मीच करते. भावाचा दिव्यांगत्वाचा जुना कागदी दाखला होता, तो बदलून यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र करायचं होतं. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर घरून भरला, मग तपासणीला बोलावणं आलं. पहिल्या खेपेला परत पाठवलं, कारण आधारवर आणि जुन्या दाखल्यावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळं होतं. दुसऱ्या खेपेला लिफ्ट बंद. विभाग वरच्या मजल्यावर. खाली उभ्या असलेल्या दोन रिक्षावाल्यांनी भावाला खुर्चीसकट उचलून वर नेलं, आणि पैसे घेतले नाहीत. ज्या कचेरीत फक्त दिव्यांगच येणार, तिथे जिना चढायला लावतात याचा मला आजही राग येतो. कार्ड मात्र झालं. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल तर सोबतच्या माणसाला निम्मं तिकीट. त्यावर भावाला पहिल्यांदा गणपतीत गावी नेला.

तर सांगायचं ते हे, की अर्ज भरण्याआधी आधार, रेशनकार्ड आणि जुना दाखला शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.

कोपरखैरण्याची आई

ताई, तुमच्या आईची पिशवी वाचून रडू आलं. माझ्याकडेही तशीच एक आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम). अडीच वर्षांचा होईपर्यंत 'मुलगे उशिराच बोलतात' हेच ऐकत होते. शेवटी आमच्याच इमारतीत भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी सांगितलं, वाशीला महापालिकेचं ईटीसी आहे, माझा नातू तिथे जातो. ईटीसी म्हणजे नवी मुंबई महानगरपालिकेचं दिव्यांगांसाठीचं शिक्षण, प्रशिक्षण आणि सेवासुविधा केंद्र. वाशी स्टेशनपासून फार लांब नाही. बोलण्यासाठी स्पीच थेरपी, रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षक, सगळं एका छताखाली. त्याआधी मी खाजगी थेरपीसाठी तीन ठिकाणी तीन रिक्षा करत होते आणि महिनाअखेरीला हातात काही उरत नव्हतं.

मुलगा लगेच बोलायला लागला असं नाही. पहिले चार महिने तो दारातच आडवा पडायचा. पण तिथे मला शिकवलं. घरी पाणी मागताना त्याच्याकडून चित्र कसं दाखवून घ्यायचं, केस कापताना आधी काय सांगायचं. थेरपी अर्धा-पाऊण तास, उरलेला दिवस माझ्याच हातात, हे मला तिथे उमगलं. आणि बाहेरचा बाक! त्या बाकावरच्या बायकांनी मला अशा मुलांसाठीचा निरामय आरोग्य विमा सांगितला, कुठला केस कापणारा मुलांवर ओरडत नाही ते सांगितलं, आणि एकदा नवरा घर सोडून गेला होता तेव्हा डबाही दिला.

एक विनंती. संशय आला की जा, दाखल्याची वाट बघू नका. माझं दीड वर्ष वाया गेलं.

खारघरचा बाबा

ईटीसी नवी मुंबई महापालिकेचं आहे, हे इकडच्यांनी नीट लक्षात घ्या. पत्ते 'नवी मुंबई' असले तरी बेलापूरच्या पुढे खारघरपासून पनवेल महापालिका, आणि जिल्हा रायगड. वाशी-नेरूळचा माणूस ठाणे जिल्ह्यात, खारघरचा रायगडमध्ये. हे मला मुलीच्या दाखल्याच्या वेळी कळलं, एक अख्खी रजा ठाण्यात घालवल्यावर. पेन्शन, दाखला, पालकत्व, प्रत्येक कामाला आधी आधारवरचा पत्ता कुठल्या जिल्ह्यात येतो ते पाहा.

पण आमच्या खारघरलाच बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं, म्हणजे एनआयईपीआयडीचं प्रादेशिक केंद्र आहे. केंद्र सरकारचं. मुलीची बुद्ध्यंक चाचणी आणि पुढचं मार्गदर्शन आम्हाला तिथे मिळालं. घरापासून दहा मिनिटांवर होतं, आणि आम्ही तीन वर्षं दादरच्या खेपा घालत होतो. कुणी सांगितलंच नाही.

कळव्याहून, बँकेत नोकरी

मी पूर्ण अंध आहे. रोज कळवा ते सीएसएमटी. दिव्यांग डब्याबद्दल लिहितो. फलाटावर तो डबा जिथे थांबतो तिथे वर बीप वाजत राहतो. त्याच्या खाली उभं राहिलं की दार समोर येतं. ज्यांना दिसतं त्यांना तो आवाज त्रासाचा वाटतो, मला तो माझ्या नावाने मारलेली हाक वाटतो. बीप बंद पडला की मी दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे चाचपडतो आणि गाडी निघून जाते. तुमच्या स्टेशनावरचा बंद दिसला तर स्टेशन मास्तरकडे तक्रार लिहून द्या. लेखी दिल्यावर आमच्याकडचा दुरुस्त झाला, तोंडी सांगून आठ महिने झाला नव्हता.

डब्यात धडधाकट माणसं चढतात. त्यावर मी आता भांडत नाही, शांतपणे कार्ड पुढे करतो आणि उभा राहतो. बहुतेक जण उठतात.

वाचायला म्हणाल, तर 'स्पर्शज्ञान' हे मराठीतलं ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतं. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मी सेंट झेवियर्स कॉलेजातल्या केंद्रात शिकलो, एक्सआरसीव्हीसी म्हणतात त्याला. ठाण्यातून जाणं सोपं आहे, सीएसएमटीवरून चालत. फोनवर मराठी वाचून दाखवणारा आवाज आता बराच सुधारला आहे. घरात कुणाची दृष्टी साठीनंतर गेली असेल तर त्यांना 'आता काय शिकणार' म्हणू नका. माझ्या शेजारचे काका सत्तरीत शिकले आणि आता सकाळी पेपर ऐकतात.

नौपाड्याचे एक वडील

जरा लांब लिहितो, कारण हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही.

मुलगी चोवीस वर्षांची, बौद्धिक दिव्यांग. विशेष शाळा अठराव्या वर्षापर्यंत, पुढे काय हा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी ऐकलाच असेल. तिची अठरा वर्षं पूर्ण झाली आणि बँकेत कळलं, की कायद्याच्या दृष्टीने आता मी तिचा पालक नाही. ती सज्ञान झाली. खातं उघडायला तिची सही हवी आणि तिला सही येत नाही. मी काउंटरसमोर उभा, आणि पलीकडचा माणूस म्हणतो, हिचं पालकत्व आणा. बाप मी, आणि पालकत्व कुठून आणू?

ते आणायचं असतं. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. ठाण्यात आम्ही अर्ज केला : मुलीचा दाखला, आमचे आधार, जन्मदाखला, दोघांचे फोटो. धाकट्या मुलीचं संमतिपत्रही जोडलं. एकदा समितीसमोर गेलो. मुलीला नाव विचारलं, तिने सांगितलं आणि मग स्वतःच समोरच्या मॅडमना विचारलं, 'तुमचं?' सगळे हसले. काही महिन्यांनी प्रमाणपत्र हातात आलं.

याच न्यासाचा निरामय विमा आहे, एक लाखापर्यंत. घेताना वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. मी एकदा विसरलो, आणि त्याच वर्षी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत, आधी १,५०० होते. उत्पन्नाची अट वर्षाला ५० हजार, त्यामुळे आमच्यासारख्या पेन्शनरच्या घरात बसत नाही. पण आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या मुलाला मिळते, अर्ज मी भरून दिला. ज्यांना फॉर्म वाचता येतो त्यांनी एखादा तरी दुसऱ्याचा भरून द्यावा.

मुलगी आता एका पालक संस्थेच्या कार्यशाळेत जाते. दिवाळीआधी पणत्या रंगवतात, राखीला राख्या. स्टॉल लागतो तेव्हा गिऱ्हाइकाला पिशवी देण्याचं काम तिचं. पहिल्या वर्षी लोक मला विचारायचे, 'हिला किती द्यायचे?' आता तिलाच विचारतात. पैसे तिला मोजता येत नाहीत, पण पन्नासची नोट ती रंगावरून ओळखते.

एक शुभंकर, ठाणे पश्चिम

शुभंकर म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची काळजी घेणारा. ज्याची काळजी घेतो तो शुभार्थी. हे दोन शब्द मला नौपाड्यातल्या आयपीएचमध्ये मिळाले. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था. माझ्या नवऱ्याला स्किझोफ्रेनिया आहे. आम्ही तोपर्यंत 'पेशंट' आणि 'पेशंटची बायको' होतो.

तिथल्या आधारगटात मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, की मला कधीकधी त्याची भीती वाटते. समोरच्या एका आजींनी नुसती मान हलवली. त्यांच्या मुलाला वीस वर्षं होता आजार. त्या मानेने मला जो धीर दिला तो औषधाच्या कुठल्या चिठ्ठीने दिला नव्हता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजारही आहे, हे खूप घरांना माहीत नसतं. दाखला मिळू शकतो. सासूबाई म्हणाल्या, शिक्का बसेल. नवरा म्हणाला, आई, शिक्का कधीच बसलाय, निदान सवलत तरी घेऊ. त्याने स्वतः ठरवलं याचा मला आनंद झाला.

ऐरोलीहून

थोडक्यात. मुलीला जन्मतः ऐकू येत नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी झाली, केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळालं. आम्ही घरातल्या चौघांनीही खुणांची भाषा शिकायला घेतली आहे. आजोबा सगळ्यात हळू शिकतात, पण नातीशी सगळ्यात जास्त तेच बोलतात. २३ सप्टेंबर हा सांकेतिक भाषा दिवस. त्या आठवड्यात मुलीने वर्गातल्या मैत्रिणींना त्यांची नावं खुणेने शिकवली.

नेरूळ, व्हीलचेअरवरून

अपघातानंतर सहा वर्षं खुर्चीवर आहे. केंद्रं, दाखले सगळं महत्त्वाचं, पण मला लिहायचंय ते सणांबद्दल. आमच्या सेक्टरच्या नवरात्रात मी दोन वर्षं गॅलरीतून गरबा पाहिला. तिसऱ्या वर्षी मंडळाच्या पोरांना सांगितलं, मंडपात केबलवर लाकडी पट्टी टाका आणि एक कडा उतरती करा. एका संध्याकाळी झालं. खर्च जेमतेम एका प्लायवूडचा. मी गोलाच्या मध्ये खुर्ची फिरवत होते. दुसऱ्या दिवशी ज्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं अशा दोन आजी वॉकर घेऊन आल्या. त्या त्याच उतारावरून आल्या.

मतदानाचंही सांगते. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देता येत होतं, १२-डी फॉर्म भरून. आईने तो आणलाही होता. मी केंद्रावरच गेले. रॅम्प होता. शाई लावलेलं बोट घेऊन बाहेर आले आणि रांगेतल्या लोकांना माझ्यासाठी वाट करावी लागली. ती त्यांनी केली.

घोडबंदर रोड

सगळ्यांनी कामाचं लिहिलंय, मी नाटकाचं लिहिते. ठाण्यात किरण नाकतींचं दिव्यांग कला केंद्र आहे. माझा भाचा डाउन सिंड्रोमचा, तिथे जातो. त्याला वाक्य पाठ होत नाही म्हणून शाळेच्या गॅदरिंगमध्ये कायम झाड व्हायचा. इथे त्याचं वाक्य त्याच्याएवढंच केलं, तीन शब्दांचं. प्रयोगाच्या दिवशी ते तीन शब्द त्याने अशा आवाजात टाकले की मागच्या रांगेत बसलेले माझे मेव्हणे, जे कधी बोलत नाहीत, उभे राहिले.

@धागाकर्ती ताई, तुमच्या भावाला नाटक आवडतं का?

धागाकर्ती

आवडतं! आई त्याला रेडिओवरच्या श्रुतिका ऐकवायची. त्याचे उच्चार घरातल्यांनाच कळतात, म्हणून बाहेर न्यायचं कधी सुचलंच नाही. त्याला आत्ता वाचून दाखवलं. 'शनिवार' म्हणाला. शनिवारी नेते. कुणी सांगाल का, घडी न होणारी खुर्ची रिक्षात कशी घालायची?

नेरूळ, व्हीलचेअरवरून

मागच्या चाकांच्या मधोमध बटण आहे का बघ. असेल तर दाबून चाकं ओढ, निघतात. आधी चाकं सीटच्या मागे, मग सांगाडा उलटा करून पायाशी. बटण नसेल तर मला आधी कळव. माझी जुनी घडीची खुर्ची पडून आहे, वाशीपर्यंत ये, मी आणून देते.