कविता, चित्र आणि त्यातली बाई : तुमचे अनुभव सांगा

आम्ही दोघी पणजीच्या. मी कविता करते, मैत्रीण चित्रं काढते. 32 कविता जमल्या, पुस्तक करायचं ठरलं आणि तिथेच गाडी अडली. बांगडे तळताना उडालेल्या तेलाचे डाग आईच्या हातावर आहेत, त्यांच्यावर माझी एक कविता आहे. तिच्यासाठी चित्र आलं ते मोकळ्या केसांच्या, मान कलती केलेल्या, हातात कमळ धरलेल्या मुलीचं. सुरेख आहे. पण ही कोण, ते आम्हां दोघींनाही सांगता येईना. तिने जन्मात गॅस पेटवला नसेल! बाईपण, सोसणं, सौंदर्य असलं काही म्हटलं की हात ठरलेल्या वळणावरच जातो का? लिहिताना, काढताना, छापताना, नुसतं वाचतानाही जे अनुभवलंत ते सांगा.

फोंडा
माझी कविता धालोंवर, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या नाचगाण्यावर होती. पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठीच्या ठरलेल्या अंगणात, बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींच्या कमरेला हात घालून गात पुढेमागे होतात. चित्रात मी फक्त पावलं काढली. इकडे सात जोड्या, तिकडे सात, टाचांच्या भेगांसकट. स्वतःवर भलतीच खूश होते. मावशीला दाखवलं. दिवसभर शेतात राबून ती धालोंना जायची. म्हणाली, "आनी आमचीं तोंडां खंय? वर्सभर मान सकयल घालून काम. मांडार तरी तोंड वयर आसता." म्हणजे वर्षभर मान खाली, मांडावर तरी तोंड वर असतं. परत बसले. चौदा तोंडं काढायला महिना गेला, त्यातली तीन अजून एकाच बाईची वाटतात.

मडगाव
पाठमोरी बाई, वाऱ्यावर केस, समोर समुद्र. असं चित्र दिसलं की मी पान उलटते. कविता चांगली असली तरी.

डिचोली
छापखान्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे माझं रडगाणं वेगळं. मोबाईलवर झगमगणारं चित्र मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकाच्या बिनचकाकीच्या कागदावर उतरलं की शाई कागदात मुरते आणि पेन्सिलीची बारीक रेघ पुसट होते. गुळगुळीत आर्ट पेपरवर चित्र उठतं, पण कविता वाचताना डोळ्यांवर दिवा चमकतो. फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडायचा पानांचा गठ्ठा, 16 पानांचा धरा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात आणि मग कवयित्री ती भरायला आणखी कविता पाठवतात. रंगीत छपाईला चार प्लेटी लागतात. पैसे बेताचे असतील तर एकाच तांबड्या शाईत छापा. आपल्या देवळांतली कावी आठवा : चुन्याच्या पांढऱ्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो खरवडून नक्षी काढायची. दोन रंगांत भिंती सजल्या, पुस्तक का नाही सजणार?

म्हापसा
केमोत माझे केस गेले त्याच सुमारास सुरंगीचा हंगाम होता. बाजारातून आणलेला वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, डोक्यात कुठे माळणार? आरशाच्या खिळ्याला अडकवला. फुलं सुकून तपकिरी झाली तरी वास जाईना. त्यावर आठ ओळी लिहिल्या. आठवीतल्या मुलीने चित्र काढलं : खिळा, वळेसर आणि रिकामा आरसा. मी विचारलं, "मी कुठे?" ती म्हणाली, "तू आरशात बघायचीसच कुठे?" पुढे माझ्या बहिणीने माझं हसरं, टक्कल असलेलं चित्र काढून दिलं. छान आहे, कपाटात आहे. भिंतीवर मात्र मुलीचंच.

साखळी
अँजेलो द फोन्सेका यांची चित्रं जरूर पाहा. 1902 साली गोव्यात जन्मले, शांतिनिकेतनला शिकले, 1967 साली गेले. त्यांची मेरी साडी नेसलेली असते. देवाची आई, तरी शेजारच्या वाड्यावरून आल्यासारखी. ती पाहून आल्यावर वहीतल्या माझ्या सगळ्या बायका मला कॅलेंडरवरच्या वाटायला लागल्या. तेव्हापासून आधी ठरवते, ही कुठल्या गावची, आत्ता कुठून आली. कविता मग कधीकधी बदलावी लागते, त्याचा त्रास होतो.

पुन्हा पणजी
कमळवाली बाजूला ठेवली. मैत्रीण आमच्याकडे आली, स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि आईचे हात काढू लागली. आईने आधी बांगड्या बदलल्या, मग पदराने डाग झाकले. आम्ही काही बोललो नाही. तवा तापला, बांगडे पडले, पदर आपोआप कमरेला खोचला गेला. चित्र झालंय. डाग डाव्या मनगटाजवळ आहेत, तिने उजव्या काढलेत. ते दुरुस्त करायचं आहे.